अळणी चीक

रेवा, खुर्ची जवळ ओढ आणि तो फोन पालथा ठेव बघू. तू तिकडे ॲरिझोनात चँडलरला, मी इकडे न्यू जर्सीत, मधे अख्खी अमेरिका आडवी पडलेली, हे मला ठाऊक आहे. पण मी लिहायला बसले की तू समोर बसली आहेस असंच धरून चालते, नाहीतर माझा हात पुढे सरकत नाही. आधी थोडी रागावून घेते. गेल्या रविवारी फिनिक्सच्या कुठल्याशा म्युझियममधून मला व्हिडिओ पाठवलास, खाली लिहिलंस, ‘आत्याआजी, तुझ्या फ्रेंडचं एक्झिबिशन! सो एन्शंट, सो कूल!’ आणि तीन लाल बदाम. झालं तुझं काम. मी लगेच फोन केला तर ‘मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते.’ ते नंतर अजून यायचंय. तुझ्या आजोबांचंही असंच होतं, माझ्या दादाचं. पण तो निदान जेवायच्या वेळी सापडायचा.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. काळा एप्रन घातलेली एक मुलगी पांढऱ्या खळीच्या भांड्यात बोट बुडवते, बोट चाटते, क्षणभर थांबते, मान हलवते आणि मगच कुंचला उचलते. ती एमी, माझ्या मैत्रिणीची, लानची, लेक. मग तुझा कॅमेरा भिंतीवरच्या पाटीकडे वळतो. चिनी चित्रकारांच्या घराण्यातल्या तीन पिढ्या, आजोबांकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातीकडे आलेली कला, वगैरे वगैरे, आणि शेवटी असं, की खळ लावण्याआधी ती चाखून बघण्याची प्रथा या घराण्यात शतकानुशतकं चालत आली आहे. वाचून मी आधी मोठ्यानं हसले. मग मला जेवण गेलं नाही. शतकं कुठली गं! ती प्रथा आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली, माझ्यामुळे, आणि तेव्हा तुझा बाबा वहिनीच्या पोटात होता. हे लानला माहीत आहे आणि मला. तिसरा माणूस होता तो गेला. आता तुला सांगते. का सांगते ते शेवटी कळेल, मधेच उठून जाऊ नकोस.

आई गेली तेव्हा मी अकरावी झाले होते. सिन्नरच्या घरात मी एकटी उरले, म्हणून दादानं मला इकडे बोलावून घेतलं. आयसेलिनजवळ लाल विटांच्या दुमजली इमारती होत्या, त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आज ओक ट्री रोडला गेलीस तर पैठणीपासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं, गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही. तेव्हा तिथे यातलं काही नव्हतं. हळद वहिनी औषधासारखी चिमटीनं वापरायची. घर आठवलं की मला आधी त्याचे आवाज आठवतात. हिवाळ्यात वाफेच्या पाइपांतून येणारी ठकठक, खालच्या मजल्यावरून येणारा पाणी ओतल्याचा आवाज, आणि दादा ऑफिसला गेल्यावर वहिनी मुद्दाम मोठ्यानं लावायची तो रेडिओ, ज्यातलं आम्हां दोघींना निम्मंही कळत नसे. वहिनी पुण्याची, नीटनेटकी, बोलायला तिखट. ‘सुमन, तू चांगली आहेस गं,’ असं म्हणून सुरुवात केली की पुढे काहीतरी टोचणारं येणार हे नक्की. पण आई गेलेल्या मुलीला रात्री पांघरूण घालणारीही तीच.

पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीला मला कुरडयांची हुक्की आली. आई दर वर्षी करायची, उन्हाळा लागला की अंगणात पलंगावर साडी पसरून. इथे अंगण नाही, ऊन नाही, सोऱ्यासुद्धा नाही. तरी मी हट्टानं गहू आणवले. दादानं कुठल्याशा गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानातून पिशवी आणली आणि म्हणाला, ‘घोड्याला घालतात हे. बघ बाई.’ तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून ते दूध तसंच ठेवायचं. वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढरा शुभ्र चीक बसलेला असतो. आता भिजलेल्या गव्हाला वास येतो, तो यायलाच हवा. वहिनीनं दुसऱ्या दिवशीच नाक मुरडलं, ‘सुमन, तू चांगली आहेस गं, पण ही बादली माझ्या घरात नको.’ म्हणून मी बादली तळघरात नेली, जिथे इमारतीची कपडे धुवायची मशिनं होती आणि बॉयलरची ऊब होती.

चौथ्या दिवशी सकाळी खाली गेले तर बादलीजवळ एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसलेले. खालच्या मजल्यावरचे चिनी, एवढंच मला माहीत होतं. मला वाटलं, आता तक्रार करणार. पण त्यांनी फडकं बाजूला करून बादलीत बोट घातलं होतं आणि तळाचा चीक अंगठ्यानं बोटावर चोळून बघत होते, आपण कापडाचा पोत बघतो तसं. मग माझ्याकडे मान वळवली. रेवा, परदेशात येऊन मला चार महिने झाले होते, आणि ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे तोवर कोणी बघितलं नव्हतं. ‘यू मेक?’ म्हणाले. मी मान हलवली. ‘गुड,’ म्हणाले. पुन्हा बोट चोळलं. ‘व्हेरी गुड.’

ते ताओ आजोबा. आजोबा मी मनात म्हणायची, पुढे तोंडावर म्हणू लागले आणि त्यांनाही ते आपलंच नाव वाटू लागलं. ते चित्रकार, पण इथे पोट चालत होतं ते दुसऱ्यांच्या चित्रांना पाठ लावण्यावर. त्यांच्याकडची चित्रं पातळ कागदावर शाईनं काढतात. तो कागद इतका नाजूक की नुसता टांगला तर सुरकुततो, म्हणून त्याच्या मागे खळीनं दुसरा कागद चिकटवायचा, मग तो भिंतीवरच्या मोठ्या फळीवर ताणून वाळवायचा. न्यू यॉर्कच्या चायनाटाउनमधून लोक त्यांच्याकडे गुंडाळ्या घेऊन येत. आणि ती खळ कशाची? गव्हाच्या चिकाची. आपल्या कुरडयांचाच चीक, फक्त शिजवून, गार करून, पाण्यानं दुधाएवढा पातळ केलेला. ते बाजारच्या पिठातून चीक धुऊन काढायचे आणि तो त्यांच्या मनाला येत नसे. माझा आला. कुरडया त्या वर्षी झाल्याच नाहीत. मी खळ करायला लागले. पाइपावर तीन ठोके पडले की समजायचं, आजोबांना खळ हवी.

असं माझं शिक्षण झालं बघ. कॉलेजात नाव घालायचं राहून गेलं, ते राहिलंच. आजोबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा गरीब, त्यामुळे दोघांनाही लाज वाटत नसे. ‘वेट’, ‘नो’, ‘गुड’, ‘अगेन’ एवढ्या चार शब्दांत त्यांनी मला खळ गाळायला, कागदाची नस ओळखायला आणि ओला कागद फाडल्याशिवाय उचलायला शिकवलं. एक गोष्ट तेवढी त्यांनी मुलीला मधे बसवून नीट समजावली होती. खळ फार घट्ट करायची नाही. आज आपण चिकटवलेलं उद्या कोणालातरी पाण्यानं सोडवता आलं पाहिजे, कारण पाठीचा कागद दोन पिढ्यांत म्हातारा होतो आणि चित्राला नवी पाठ लागते. पुढे मी इथल्या गावच्या लायब्ररीत फाटकी पुस्तकं दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं ते याच शिकवणीवर. तिथल्या बायका विचारायच्या, सुमन, कुठल्या स्कूलला गेलीस? मी सांगायची, बेसमेंटला.

मुलगी म्हणजे लान, माझ्याच वयाची. तिची आई वाटेतच, हाँगकाँगला वारलेली. लान आर्ट कॉलेजात जायची, केस कात्रीनं स्वतःच कापायची आणि खुर्च्यांना ओलं वर्तमानपत्र गुंडाळून त्याला शिल्प म्हणायची. आजोबा ते बघून भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांची शिकवायची रीत एकच, गुरूचं चित्र समोर ठेवायचं आणि त्याची नक्कल करायची. दहा वेळा, पन्नास वेळा, शंभर वेळा. शंभरानंतर जो हात उरेल तो आपला. रोज संध्याकाळी लानला बसवून ते एक कोबीचा गड्डा आणि दोन मुळे काढायला लावत, आणि वर मोठी रिकामी जागा. ‘सुमन, आय स्वेअर,’ लान कपडे वाळवताना मला म्हणायची, ‘कोबी काढायला आलो का आपण अमेरिकेत? आणि बाबांना कोबीशी काही देणंघेणं नाही. रोज म्हणतात, वरची जागा चुकली. अगं, वर काहीच नाहीये! काहीच नसलेलं चुकतं कसं?’

तो कोबी आजोबांच्या गुरूंचा होता. त्यांच्या देशात एक काळ असा आला की जुनी चित्रं घरात सापडणं हाच गुन्हा झाला. गुरूंनी आपल्या हातानं आपली चित्रं चुलीत घातली. त्यातलं एक या शिष्यानं उचललं, आठ घड्या घालून रजईच्या अस्तरात शिवलं, आणि ती रजई पांघरत ते अमेरिकेपर्यंत आले. गुरू पुढे जगले नाहीत. त्यांचं दुसरं चित्र कुठे आहे असं कोणालाच माहीत नव्हतं. लाननं ते लहानपणी एकदाच पाहिलेलं, रोजचा कोबी ती आजोबांनी आठवणीतून काढलेल्या नकलेवरून काढायची. आजोबा स्वतःही घडी उघडत नसत, कारण पाठ लावल्याशिवाय तो कागद पुन्हा पुन्हा उघडणं म्हणजे मोडणं. मनासारखा कागद आणि मनासारखी खळ मिळेल त्या दिवशी, असं म्हणत त्यांनी वर्षं काढली होती. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी ते म्हणाले, ‘युवर पेस्ट. माय टीचर.’ मला चटकन कळलं नाही. कळलं तेव्हा मी वर जाऊन देवापुढे दिवा लावला. असा मान मला कोणी दिला नव्हता.

आता वहिनीचं ऐक. जिला गव्हाच्या वासानं मळमळायचं, तिला तुझ्या बाबाच्या वेळी डोहाळे कशाचे लागावेत? चिकाचे. गरम चीक, मीठ घातलेला, वरून कच्चं तेल. ‘सुमन, तू चांगली आहेस गं, आज डॉक्टरकडून आले की वाटीभर देशील?’ नेमका तोच दिवस. मी सकाळी दोन चुलींवर दोन पातेली चढवली, वहिनीच्या रुखवतातली, एकाच मापाची. एकात खालच्यासाठी, एकात वहिनीसाठी. चीक शिजताना हात थांबवता येत नाही, गुठळी झाली की संपलं. एक हात इकडे, एक तिकडे. आणि माझ्या हाताला आईचं वळण. तिनं चीक शिजवताना मीठ कधी मोजून घातलं नाही, पाणी उकळलं की मूठ आपोआप डब्याकडे जायची. तशीच माझी गेली. हिंग घातला नव्हता, नाहीतर वासानंच सगळं उघडं पडलं असतं. पातेली उतरवली, गार व्हायला खिडकीत ठेवली, तासाभरानं एक उचलून खाली गेले.

ते सगळं मी पाहिलं. आजोबांनी नवा सदरा घातला होता. लान कॉलेज बुडवून घरी थांबली होती, हात मागे बांधून. रजई उसवली, घडी उघडली, चित्र पालथं टाकून त्यावर पाण्याचा हात फिरवला, तशा आठ घड्यांच्या रेघा हळूहळू विरत गेल्या. सुलटं करून दाखवलं तेव्हा मला कळलं की लान रोज काय काढत नव्हती ते. कोबी साधा, आपल्या बाजारातला. पण वरची ती रिकामी जागा! सकाळी दार उघडल्यावर थंडी आत येते, तशी ती कागदातून अंगावर यायची. लाननं बापाकडे एकदा बघितलं फक्त. मग आजोबांनी माझी खळ पातळ केली, गाळली, पाठीला लावली, नवा कागद बसवला, आणि बापलेकींनी मिळून ते उचलून फळीवर चढवलं. आजोबांचे हात कापत नव्हते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मी वर आले. वहिनी आली होती. चीक गरम केला, तेल घातलं, वाटी हातात दिली. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, ‘अगं, अळणी आहे. मीठ विसरलीस?’

रेवा, तो एवढासा प्रश्न मला आजही कधी कधी भांडी घासताना ऐकू येतो. मी विसरले नव्हते. मीठ मी घातलं होतं. मग ते कुठे गेलं होतं हे कळायला मला क्षणही लागला नाही. मिठाला ओल धरायची सवय, हे सिन्नरच्या पोरीला कोणी शिकवायला नको, पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाझरतं ते आम्ही पाहिलेलं. आणि आजोबांनीच शिकवलं होतं, ओलं आहे तोवर सुटतं. तासभर तरी ते ओलं राहणार होतं. मी चप्पलही न घालता जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत गेले. खालच्या दारातून आवाज येत होता. आजोबा गुणगुणत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मधेच लानचं हसू, आणि मग दोघांचं काहीतरी बोलणं, न भांडता. मी कठड्याला धरून उभी राहिले. मग वर गेले. डबा उघडून वहिनीच्या वाटीत मीठ घातलं आणि म्हटलं, ‘हो, विसरलेच.’

त्यांच्या आनंदावर पाणी पडू नये म्हणून मी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते थोडं खरं आहे. जास्त खरं हे की मी घाबरले. ‘व्हेरी गुड’ म्हणणारं माणूस जाईल या भीतीनं मी गप्प बसले. आता या वयात खोटं कशाला लिहू?

जुलै आला. इथला जुलै तुझ्या ॲरिझोनासारखा कोरडा नसतो, भिंतींना घाम फुटतो. पहिल्यांदा त्या रिकाम्या जागेत आरशावर श्वास सोडल्यासारखं काहीतरी दिसलं. मग त्याला कड आली, पिवळट. मग त्या कडेवर पांढरी बारीक फुलं, आपल्या मोरीच्या भिंतीवर येतात तशी. कोबीला काही झालं नाही, मुळ्यांना नाही, नेमकी ती जागा गेली. आजोबा चित्रासमोर स्टूल टाकून बसले, हात गुडघ्यांवर. लानला काहीतरी म्हणाले. तिनं मला बाहेर येऊन सांगितलं, ‘म्हणतात, माझा हात गेला. माझ्याकडून चूक झाली आणि कुठे झाली तेही मला कळत नाही, म्हणजे हात गेला.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे कुंचले वर्तमानपत्रात गुंडाळून वर माळ्यावर टाकले. आलेल्या गुंडाळ्या परत पाठवल्या. मग ते तळघरात मशिनांसमोर बसू लागले, लोकांचे कपडे फिरताना बघत. पाइपावरचे ठोके थांबले.

सप्टेंबरात लान एकदा टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाली, ‘आता कोबी काढायला सांगत नाहीत. काल मी मुद्दाम खुर्चीला पेपर गुंडाळला, त्यांच्या समोर. काही बोलले नाहीत. सुमन, ओरडले असते तर बरं झालं असतं गं.’ आणि ती टॉवेलात तोंड घालून रडली. ती मुलगी रडणाऱ्यातली नव्हती. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘हे मी ट्रान्सलेट करणार नाही. तूच सांग.’

‘मला तुमची भाषा येत नाही.’

‘मग तुझ्या भाषेत सांग.’

मी वर गेले, पातेलं आणलं, चिकाची वाटी, मिठाचा डबा. आजोबांच्या टेबलावर ते मांडलं. ते कपडे धुण्याच्या खोलीतून आले आणि उभेच राहिले. मी चीक पातेल्यात ओतला. त्यांना दिसेल अशी मूठ भरली आणि त्यात मीठ सोडलं. चित्राकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्यांना कळेना. किंवा कळायचं नसेल. कडेचे जास्तीचे तुकडे ते कापून खणात ठेवत, कुठलाही कागद फेकत नसत. मी त्या चित्राच्या कडेची पट्टी शोधून त्यांच्यापुढे धरली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. हसू नकोस. त्या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी पट्टी घेतली, खिडकीजवळ गेले, जिभेला लावली. तसेच उभे राहिले पाठमोरे. मग पट्टी खाली ठेवून आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. लान म्हणाली, ‘जा तू आता.’

तीन आठवडे खालून काही आवाज आला नाही. वहिनीला मी सांगितलं नव्हतं, पण ती काय आंधळी होती? एक दिवस माझी वेणी घालता घालता म्हणाली, ‘सुमन, तू चांगली आहेस गं.’ मी वाट बघितली, पुढे काही आलं नाही. तेवढंच म्हणून तिनं वेणीला रिबीन बांधली.

आणि मग एका सकाळी पाइपावर तीन ठोके. मी जिना कसा उतरले ते देवाला माहीत. टेबलावर पीठ, पाणी, स्वच्छ पातेलं. आजोबांनी माझ्याकडे न बघता बोटानं दाखवलं, कर. मी त्यांच्यासमोर चीक काढला, त्यांच्यासमोर शिजवला. गार झाल्यावर त्यांनी चमचा भरून माझ्या तोंडापुढे धरला. ‘ईट.’ मी खाल्ला. अळणी. मग स्वतः खाल्ला. मग लानला हाक मारली, ती दात घासत होती, तशीच आली. ‘ईट.’ तिघांनी चाखून झाल्यावर त्यांनी माळ्यावरून कुंचले काढले. त्या दिवसापासून त्या घरात चाखल्याशिवाय खळ लागली नाही. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. त्यांनी मला रागावून घालवलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. त्यांनी माझी चूक नियमात बसवली आणि मला कामावर ठेवलं.

चित्र मात्र त्यांनी सोडवलं नाही. आठ घड्या आणि एक ओला उन्हाळा सोसलेला कागद, लगेच पुन्हा पाण्यात घालायचा त्यांना धीर नव्हता. ‘लेटर,’ म्हणाले. ‘नॉट मी.’ ते भिंतीवर राहिलं, डागासकट. आणि लान, जी कोबी काढायला कधी आपणहून बसली नव्हती, ती त्या डागासमोर बसायला लागली. मोठमोठे कागद अंथरायची, चीक, मीठ, शाईचं पाणी, आणि तो डाग कसा चढत गेला असेल ते पुन्हा पुन्हा करून बघायची. कोबी नाही, मुळा नाही, फक्त वरची जागा. आजोबा महिनाभर त्या कागदांवरून उड्या मारत स्वयंपाकघरात जायचे. मग एकदा थांबले. एक एक कागद बघत शेवटपर्यंत गेले, परत आले. लानला काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं, आणि त्यावर ते जे म्हणाले ते ऐकून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी विचारलं, काय म्हणाले? ‘विचारलं, किती झाले. म्हटलं, चाळीस. म्हणाले, शंभर कर.’ त्याच शंभरांतले सात कागद तू त्या म्युझियमच्या भिंतीवर बघितलेस आणि मला लिहिलंस, ‘धुकं काय मस्त आहे!’ धुकं नव्हे गं बाई. मीठ.

आजोबा गेले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. चित्र लानकडे आहे. गेल्या महिन्यात एमीचा फोन आला. ती जुन्या चित्रांची दुरुस्ती रीतसर शिकून आली आहे, आजोबांच्याच फळीवर काम करते. म्हणाली, ‘सुमन आंटी, पाठीचा कागद आता थकलाय, या वसंतात काढावाच लागेल. पाण्यात उतरवलं की मीठ धुऊन निघेल, डाग बराचसा जाईल.’ मी घाबरत लानला विचारलं, तुला चालेल? तिचं सगळं आयुष्य त्या डागातून निघालेलं. ती म्हणाली, ‘माझ्याकडे त्याच्या शंभर नकला आहेत. मूळ जाऊ दे आता. ती जागा बाबांच्या गुरूंची आहे.’ आणि मग, ‘खळ तू करायची आहेस. एमीनं तसंच ठरवलंय.’

म्हणून हे सगळं, रेवा. मी हो म्हटलं आहे. गहू आणून ठेवलेत, आता ओक ट्री रोडला पोत्यानं मिळतात. पण एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही, आणि या खेपेला जिन्यावरून परत फिरायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून पहिल्यांदा तुला सांगते. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर माझ्या जिभेला मीठ कळत नाही. आमटी खारट झाली काय, अळणी राहिली काय, मला सारखीच. चीक घाटायला हात अजून पुरतात, मधे मधे थांबून का होईना. चाखायला मात्र आपल्या घरातलं कोणीतरी लागेल. तुझ्या कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात धुळीचा एक कण चालत नाही म्हणतेस ना, अंगभर पांढरे कपडे घालून काम करतेस. मग तूच ये. गहू तीन दिवस भिजावे लागतात, चौथ्या दिवशी सकाळी मला तू चुलीजवळ हवी आहेस. मिठाचा डबा मी शेजारच्या काकूंकडे ठेवून देईन. मीटिंग कॅन्सल कर, विमानाचं तिकीट काढ आणि मला तारीख कळव, म्हणजे मी गहू भिजत घालते. लवकर ये गं.